पाईप ओढताना फिल्टर लावावा की नाही?

मांडवीकाठ (पणजी)
नमस्कार मंडळी. पाईप ओढणारे इथे मोजकेच असतील, तरी विचारतो. माझ्याकडे दोन पाईप आहेत. एक थोरल्या काकांचा, ब्रायर लाकडाचा, साधा. त्यात फिल्टरला जागाच नाही. दुसरा भाच्याने जर्मनीहून आणलेला. त्याच्या दांड्यात ९ मिमीची पोकळी आहे आणि सोबत कोळशाच्या फिल्टरांचं पाकीट आलंय. काकांच्या पाईपमध्ये व्हर्जिनिया तंबाखूचा गोडवा स्वच्छ लागतो, पण जून लागला की तो गुडगुडतो आणि तोंडात कडू पाणी येतं. जर्मन पाईप फिल्टरसह कोरडा चालतो, पण चव निम्मी होते. तोच फिल्टर काढून ओढला तर काकांच्या पाईपपेक्षाही जास्त गुडगुडतो. असं का होतं?

माझं आजचं मत असं, की पाईप चवीसाठी ओढायचा, मग चव अडवणारी वस्तू मध्ये कशाला? घरच्यांचं म्हणणं उलट आहे: फिल्टर लाव, निदान तब्येतीला तरी बरं. तुम्ही काय करता, विशेषतः पावसाळ्यात?

रातांबा (डिचोली)
फिल्टर नको. ओढायचा तर हळू ओढा. गुडगुड पाईपची नसते, ओढणाऱ्याच्या घाईची असते.

आंबोळी (मडगाव)
रातांबा, तुम्ही एका ओळीत निकाल देऊन मोकळे झालात! मी इतकी वर्षं ९ मिमी फिल्टर लावूनच ओढतोय आणि मजेत आहे. माझी जीभ नाजूक आहे. फिल्टर नसला की दुसऱ्या दिवशी सोलकढीसुद्धा झोंबते. जीभ चुरचुरत असेल तर चवीचं कौतुक काय करायचं?

रातांबा (डिचोली)
जीभ चुरचुरते ती ओल्या तंबाखूच्या वाफेने. व्हर्जिनियात साखर जास्त, त्यामुळे भराभर ओढली तर ती चावतेच. फिल्टर लावून तुम्ही लक्षण झाकताय. तंबाखू वाळवा, झुरके लांबवा, मग सांगा.

तारवटी (वास्को)
मूळ धाग्यात एक चांगला प्रश्न आहे आणि त्याला अजून कोणी हात घातलेला नाही. मी जहाजावर इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तंबाखू जळते तेव्हा पाणी तयार होतंच. तंबाखू कितीही वाळवली तरी ज्वलनातून वाफ निघते, आणि पानातला ओलावा वर असतो तो वेगळा. ही गरम, वाफाळ हवा बाऊलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) बुडातल्या तीन-चार मिमीच्या भोकातून दांड्यात येते. साध्या पाईपमध्ये वाट पुढेही तेवढीच अरुंद असते, म्हणून धूर एका वेगाने तोंडापर्यंत पोचतो. ९ मिमीच्या पाईपमधला फिल्टर काढला की तो अचानक मोठ्या खोलीत शिरतो. तिथे त्याचा वेग मोडतो, तो थंड होतो, आणि वाफेचं पाणी भिंतींवर धरतं. ते शोषायला आता काहीच नाही, म्हणून पाणी साचतं आणि प्रत्येक झुरक्याला बुडबुडतं. मांडवीकाठ, तुमचं कोडं एवढंच आहे. तो पाईप फिल्टर धरूनच बनवलाय.

उपाय दोन. एक, फिल्टर लावून ओढणं. दुसरा, अडॅप्टर. ही त्याच मापाची छोटी नळी असते, मध्ये बारीक भोक. ती पोकळीत बसवली की वाट पुन्हा अरुंद होते. बरेच युरोपीय कारखाने ९ मिमी पाईपसोबत ती देतात. भाच्याने आणलेल्या डब्यात नीट बघा, कापडी पिशवीत असेल.

मांडवीकाठ (पणजी)
तारवटीबाब, दंडवत! आता पटलं. डब्यात बघतो.

कुळागर (सावर्डे)
वाखूसा (वाचनखूण साठवली). पाईप ओढत नाही, पण तारवटींचा प्रतिसाद वाचून भौतिकशास्त्राचा तास आठवला.

खाजन (फोंडा)
थोडं अवांतर, पण गोव्यात बसून तंबाखूवर बोलतोय तर हे यायला हवं. तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. गोव्यात तिच्या व्यापारावर पोर्तुगीज सरकारची मक्तेदारी होती आणि ब्राझीलमधल्या बाहियाची तंबाखू जहाजांतून इथे उतरायची. तिच्या उत्तरेकडच्या प्रवासाची हकिकत अकबराच्या दरबारातल्या असद बेगने लिहून ठेवलीय. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढायचं नक्षीदार साधन अकबरासाठी नेलं. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, तर दरबारी हकीम आडवा आला: ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही, अनुभवाशिवाय कशी घ्यायची? पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, ती काही टिकली नाही. मला त्या हकिमाबद्दल मनापासून आदर वाटतो. त्याच्याकडे पुरावा नव्हता, पण प्रश्न त्याने अगदी योग्य विचारला.

बिंबल (पेडणे)
खाजनभाऊ, मग हुक्क्याचं पाणी हा सगळ्यात जुना फिल्टर म्हणायचा का?

खाजन (फोंडा)
लोक तसंच समजतात. पाण्याने धूर थंड होतो आणि घशाला मऊ लागतो, इतकंच. विषारी द्रव्यं आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यातून पार होतात. उलट धूर मऊ लागल्यामुळे माणूस तो जास्त वेळ, जास्त खोल ओढतो.

दंतवैद्य_म्हापसा
मी दातांची डॉक्टर. मांडवीकाठ यांच्या घरच्यांनी जो मुद्दा काढलाय त्यावर स्पष्ट लिहायला हवं, कारण ह्या धाग्यात आत्तापर्यंत सगळं चव आणि पाणी ह्यांवरच चाललंय.

फिल्टरने तब्येत राखली जात नाही. कोळसा काही वायू आणि थोडा चिकटा (टार) धरतो, ओलावा धरतो. कार्बन मोनॉक्साइड तो अडवत नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांच्या आसपास रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कॅन्सरला कारण ठरणारी आहेत. बोटाच्या पेराएवढ्या नळीने त्यांची छाननी होईल ही अपेक्षाच चुकीची.

पाईपवाले मला सांगतात, आम्ही धूर आत ओढत नाही. खरं आहे, बरेच जण ओढत नाहीत. पण पाईपच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. धूर फुप्फुसात न गेल्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगारेटवाल्यापेक्षा कमी असेल, पण न ओढणाऱ्याइतका तो खाली येत नाही. ओठ, जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका ह्यांचा धोका तर आहेच. आणि सिगारेट सोडून पाईपकडे आलेले पुष्कळ जण जुन्या सवयीने धूर आत घेतात. त्यांना हा थोडाफार दिलासाही लागू नाही.

आपल्या गोव्यातलं एक उदाहरण देते. गावाकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या बायका पूर्वी धुमटी ओढायच्या. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळायची आणि जळतं टोक तोंडात धरायचं. टाळूवर त्याचे जे परिणाम होतात त्यांची नोंद वैद्यकीय अभ्यासांत गोव्याच्या नावानिशी आहे. धूर आणि उष्णता तोंडाच्या ज्या जागी आदळते ती जागा बिघडते. पाईपचा दांडा रोज ओठाच्या त्याच कोपऱ्यात धरता ना? आरशात तो कोपरा बघत जा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, गिळताना टोचणं, ह्यांतलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात तपासणी होते. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे.

चवीसाठी फिल्टर लावा किंवा काढा, तो तुमचा प्रश्न. तब्येतीसाठी लावलाय असं स्वतःला सांगू नका.

आंबोळी (मडगाव)
डॉक्टरताई, वाचून जरा गप्प झालो. मी फिल्टर जिभेसाठी लावतो म्हणालो, पण 'निदान थोडं तरी गाळलं जातंय' हा विचार मनात असायचाच.

कदंबा_थांबा (काणकोण)
ह्याला इतिहासही आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत सिगारेटच्या फिल्टरची मोठी जाहिरातबाजी झाली. केंट सिगारेटचा 'मायक्रोनाइट' फिल्टर आरोग्याची हमी म्हणून विकला गेला, आणि १९५२ ते १९५६ ह्या काळात त्यात कॅन्सरला कारण ठरणारं निळं अ‍ॅस्बेस्टॉस होतं. धूर गाळायला अ‍ॅस्बेस्टॉस! पुढे 'लाइट' सिगारेटी आल्या, तेव्हा लोक जास्त जोराने आणि जास्त खोल ओढू लागले. फिल्टर दिसला की माणूस सैलावतो. पाईपमध्येही हेच होत असणार असं मला वाटतं.

मोगरी (पर्वरी)
मी ओढत नाही, माझे सासरे ओढतात. ह्या चर्चेत एक गोष्ट राहिली. फिल्टर दांड्यात असतो, पण घरभर पसरतो तो बाऊलमधून थेट निघणारा धूर. तो कुठल्याच फिल्टरमधून जात नाही. आमच्याकडे लहान मूल आहे. म्हणून बाबांनी स्वतःहून ठरवलं, पाईप फक्त मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापाशी. आता त्या लिंबाला घरात 'बाबांचा फिल्टर' म्हणतात.

बिंबल (पेडणे)
मोगरीताई, लिंबू कुठल्या मापाचं? ९ मिमी की ६? :)

मोगरी (पर्वरी)
झाड आहे हो, हात पसरून मोजावं लागेल! आणि सासऱ्यांना तुमचा नमस्कार पोचवते.

पाईप_पुराण (सांखळी)
६ मिमीचा उल्लेख आलाच, तर फिल्टरांचे प्रकार सांगतो. सगळे एका मापात तोलू नका.

कोळशाचा ९ मिमी हा जर्मनीचा लाडका. न्यूरेंबर्गच्या फाउएन कंपनीचा 'डॉ. पेर्ल' त्यांतला जुना आणि प्रसिद्ध. ओलावा उत्तम धरतो, आणि चव सगळ्यात जास्त हाच दाबतो. इटलीच्या साविनेल्लीचा बाल्सा लाकडाचा फिल्टर माझ्या मते सर्वांत सभ्य: त्रिकोणी काडी, पाणी शोषते, चवीत फारसा हात घालत नाही. कॅनडाच्या ब्रिघम पाईपमध्ये मेपल लाकडाची नळी असते. ती धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते. कागदी ६ मिमी स्वस्त, पण भिजला की लगदा होतो आणि ओढायला जड जातं.

आणि ज्यांना फिल्टर नको पण पाणीही नको त्यांच्यासाठी आयर्लंडच्या पीटरसनची 'सिस्टिम'. १८९० चं पेटंट आहे. दांड्याच्या तळाशी एक कुंडी असते, पाणी त्यात उतरतं आणि धूर वरून जातो. तोंडात धरायच्या टोकाचं भोकही वरच्या बाजूला, म्हणजे धूर सरळ जिभेवर येत नाही. शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे आणि मला अजून तिच्याइतकं चोख उत्तर सापडलेलं नाही. ओढून झाल्यावर कुंडी पुसायची, एवढंच पथ्य.

तंबाखूप्रमाणेही बदला. गोड वासाच्या अ‍ॅरोमॅटिकमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ती वाळता वाळत नाही. तिला फिल्टर शोभतो. व्हर्जिनिया आणि पेरिक ह्या तंबाखूंच्या मिश्रणाला कोळसा लावणं मला सहन होत नाही. लटाकिया ही तंबाखू धुरावर पिकवलेली, तगडी. ती फिल्टरमधूनही स्वतःला ओळखू देते.

रातांबा (डिचोली)
पाईप_पुराण यांच्याशी सहमत, एक भर घालतो. फिल्टर बसवला की ओढता ओढता पाईप क्लीनर आत जात नाही, वाट बंद. साध्या पाईपमध्ये गुडगुड सुरू झाली की क्लीनर सारायचा, पाणी टिपायचं, पुढे चालू. मला फिल्टर नको असण्याचं खरं कारण हेच. आणि गरम पाईपचा दांडा उपसू नका. लाकूड फुगलेलं असतं, जोडाशी तडकतं.

तारवटी (वास्को)
मान्य. पण रातांबा, तुम्ही डिचोलीत, मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जुलैत इथे मीठसुद्धा पाझरतं. तुमचा 'तंबाखू वाळवा' हा सल्ला आमच्याकडे उघड्यावर चालत नाही. कागदावर पसरून ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती आणखी ओली होते.

रातांबा (डिचोली)
हे बरोबर बोललात. डिचोलीतही फार वेगळं नाही. मी एका वेळेपुरतीच तंबाखू काढतो, पातळ पसरतो आणि टेबलावरच्या पिवळ्या बल्बखाली ठेवतो. चिमटीत दाबून सोडली की ती सुटी व्हायला हवी, गोळा राहता कामा नये. कुरकुरीतही होऊ देऊ नका, मग गरम जळते. बाकीची काचेच्या घट्ट बरणीत. डबा उघडा राहिला तर आठवड्यात बुरशी, आणि बुरशी लागलेली तंबाखू फेकायचीच, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

आंबोळी (मडगाव)
फिल्टरची पाकिटंसुद्धा बंद बरणीत ठेवा, मंडळी. कोळसा हवेतलाच ओलावा पिऊन बसतो, मग पाईपमध्ये काय शोषणार? पावसाळ्यात माझे फिल्टर लवकर का बसतात ते मला असंच कळलं. आणि एक फिल्टर एकदाच, फार तर दोनदा. काटकसर करून तोच तोच वापरला तर त्यातून कडू पाणी परत तोंडाकडे येतं.

शिगमो (कुडचडे)
मी मक्याच्या कणसाचा पाईप वापरतो, अमेरिकेतल्या मिझुरीचा. कणीस स्वतःच ओलावा पितं, स्वस्त आहे, जीव अडकत नाही. पावसाळ्यात तेवढा वाळवत ठेवावा लागतो.

एक प्रश्न: पाईप काजू फेणीने साफ केला तर चालेल का? घरात स्पिरिट नाही, फेणी आहे.

पाईप_पुराण (सांखळी)
शिगमो, फेणीत अल्कोहोल चाळीस टक्क्यांवर असतं, त्या हिशेबाने साफ होईल. पण फेणीचा वास लाकडात इतका मुरेल की पुढची तंबाखू काजूच्या बोंडाचीच लागेल. वासाचा मामला असेल तिथे वोडका वापरा. फक्त दांडा आणि भोक, क्लीनर ओला करून. बाऊलमध्ये ओतू नका, आतला कोळशाचा थर निघतो. रंगवाल्याकडचं डिनेचर्ड स्पिरिट चुकूनही नको, त्यात मिथेनॉल असतं.

बिंबल (पेडणे)
कोणी काहीही म्हणा, फेणी क्लीनरवर ओतणं हा गोव्यात गुन्हा समजला पाहिजे. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय तिला!

शिगमो (कुडचडे)
बरं, फेणी जागच्या जागी ठेवतो. दुसरं विचारायचं होतं. फिल्टर मिळेनात म्हणून मित्राने सिगारेटचा फिल्टर कापून पाईपमध्ये सारला. ठीक आहे का?

तारवटी (वास्को)
मुळीच नको. तो त्या मापाचा नाही, सैल बसतो, आणि त्यातले धागे सुटून ओढले जाऊ शकतात. गोव्यातल्या दुकानांत ९ मिमी क्वचित दिसतो हे मान्य. बोटीवर जाणारं कोणी ओळखीचं असेल तर हँबर्गमध्ये कुठल्याही तंबाखूच्या दुकानात मिळतो. आमच्या पिढीत असं सामान तारवटींच्याच (खलाशांच्याच) पेट्यांतून यायचं.

संपादक
धागा छान चाललाय. एक विनंती: कोणीही विक्रीचे दुवे टाकू नयेत, आणि अठराच्या खालच्या कोणी ह्यात प्रश्न विचारल्यास उत्तर देऊ नये. आणि समुद्रकिनाऱ्यावर पाईप ओढण्याविषयी ज्यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं त्यांच्यासाठी: सार्वजनिक जागी धूम्रपानावर देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे आणि गोव्याचा स्वतःचा कायदा तर १९९७ चा आहे.

मांडवीकाठ (पणजी)
सगळ्यांचे मनापासून आभार. अडॅप्टर खरंच पिशवीत होता, काळ्या रंगाचा, मी तो सुटा भाग समजत होतो. बसवून ओढला. गुडगुड बरीच कमी झाली, चव काकांच्या पाईपच्या जवळ आली. रातांबा, बल्बखाली वाळवलेली तंबाखू काकांच्या पाईपमध्येही घातली, आणि त्यात आता फिल्टरची उणीव भासत नाही.

डॉक्टरताई, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. फिल्टरवरून आमच्यात होणारा वाद संपला, कारण दोन्ही बाजूंना आपला आधार सोडावा लागला. रोजचा पाईप आता रविवारपुरता ठेवायचं ठरवलंय, आणि बांबोळीला तपासणीला जातोय.

दंतवैद्य_म्हापसा
जा, आणि डॉक्टरांना दांडा कुठल्या बाजूला धरता ते आवर्जून सांगा. रविवारपुरता हे रोजच्यापेक्षा नक्की बरं. माझं मत मात्र शून्यच, ते बदलणार नाही.

आंबोळी (मडगाव)
मी बाल्सा मागवलाय, पाईप_पुराण यांच्यावर भरवसा ठेवून. डॉक्टरताई, तपासणीलाही जातोय. मांडवीकाठ, कधी जाणार? एकत्र जाऊ.

मांडवीकाठ (पणजी)
नक्की. निरोप टाकतो. एक शेवटचं राहिलं: आईचा हट्ट म्हणून अ‍ॅरोमॅटिकच्या वेळी कोळशाचा लावीन म्हणतो, तिला तो वास आवडतो. त्याची एक बाजू पांढरी आहे, एक निळी. बाऊलकडे कुठली?

तारवटी (वास्को)
पांढरी, सिरॅमिकची. ती उष्णता सोसते. निळी प्लास्टिकची, ती तोंडाकडे. उलटी लावलीत तर प्लास्टिक तापेल.